व्यवसायाची निवड : नशीब की प्रयोग?

दहावीचा निकाल लागला की घरोघर एकच प्रश्न विचारला जातो : 'आता पुढे काय?' बहुतेक घरांत त्याचे उत्तर आठवड्याभरात ठरूनही जाते. गुण भरपूर असतील तर विज्ञान, बरे असतील तर वाणिज्य, त्याहून कमी असतील तर कला आणि अगदीच कमी असतील तर आयटीआय. मुलाला कशात गोडी आहे, मुलीचा हात कोणत्या कामात चांगला चालतो, हे विचारायला कोणाला सवड नसते. नवी सायकल घ्यायची तर आपण चार दुकाने हिंडतो, माहीतगाराला सोबत नेतो, चालवून पाहतो. मात्र जे काम पुढची पस्तीस-चाळीस वर्षे करायचे, ते शेजारच्या बंडूने काय घेतले यावरून ठरवतो. आणि पुढे ते मानवले नाही, तर 'नशीब' म्हणून मोकळे होतो.

विद्यार्थी मित्रांनो, विज्ञानाच्या तासाला तुम्ही एक शिस्त शिकता. आधी निरीक्षण, मग अंदाज, मग तो तपासण्यासाठी प्रयोग, आणि प्रयोगाने साथ दिली नाही तर अंदाजात दुरुस्ती. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की, व्यवसायाच्या निवडीलाही हीच शिस्त लावली पाहिजे. या कामात जाणत्या माणसाचे मार्गदर्शन घेणे ही चैन नव्हे, ती गरज आहे. आणि ज्या मुलांना या मार्गदर्शनाची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांनाच ते सर्वांत कमी मिळते, ही आपल्या शिक्षणातली मोठी उणीव आहे.

एका बुकबाइंडरची गोष्ट

मायकेल फॅरेडेचे नाव तुम्ही भौतिकशास्त्राच्या पुस्तकात वाचले आहे. चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करता येते, हे त्याने १८३१ साली दाखवून दिले. आज धरणावरच्या वीजघरात फिरणारे जनित्र याच तत्त्वावर चालते. हा फॅरेडे लंडनमधल्या एका लोहाराचा मुलगा. जन्म १७९१ चा. शाळेत तो लिहिण्यावाचण्यापुरता आणि थोड्याशा हिशेबापुरता शिकला आणि चौदाव्या वर्षी पुस्तके बांधणाऱ्या एका दुकानदाराकडे सात वर्षांच्या कराराने उमेदवारीला लागला.

बांधणीसाठी आलेली पुस्तके तो वाचून काढी. वाचलेले प्रयोग जमतील तसे करून पाही. गावात विज्ञानावर व्याख्याने होत, त्यांना एक शिलिंग प्रवेशमूल्य असे. ते पैसे त्याचा लोहारकाम करणारा थोरला भाऊ देई. १८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरेडेने चार व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे काढली, घरी ती सुवाच्य अक्षरात आकृत्यांसह पुन्हा लिहिली, स्वतःच्या हाताने त्यांचे पुस्तक बांधले आणि ते डेव्हींकडे पाठवून दिले. सोबत पत्र जोडले की, मला विज्ञानाच्या सेवेत यायचे आहे.

डेव्हींनी त्याला भेटीला बोलावले. पण सल्ला काय दिला? हातातला धंदा सोडू नकोस, असा! जागाही रिकामी नव्हती. काही आठवड्यांनी तिथला एक साहाय्यक भांडणापायी नोकरीवरून निघाला, तेव्हा डेव्हींना या मुलाची आठवण झाली आणि मार्च १८१३ मध्ये फॅरेडे प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाला.

ही गोष्ट सांगून मोठी माणसे बहुधा म्हणतात, 'पाहा, जिद्द असली की सारे जमते.' गोष्ट तेवढीच नाही. फॅरेडेने आपल्या हातात होते ते सर्व केले. त्याने गोडी ओळखली, ती प्रयोगाने तपासली, आणि आपले काम दुसऱ्याला दिसेल अशा रूपात समोर ठेवले. हा धडा घ्यावाच. पण तिकिटे देणारे गिऱ्हाईक दुकानात आलेच नसते तर? तो साहाय्यक भांडलाच नसता तर? लंडनमध्ये त्या काळी आणखी किती दुकानांत असे किती उमेदवार असतील, ज्यांना तिकिटे कोणी दिली नाहीत! त्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत. योगायोगाने एकाला मिळाले, ते सर्वांना रीतसर मिळावे, हाच मार्गदर्शनाच्या मागचा विचार आहे.

योगायोगाची जागा पद्धतीने घेतली

हा विचार प्रत्यक्षात आणण्याचा एक पहिला नेटका प्रयत्न अमेरिकेतील बोस्टन शहरात झाला. फ्रँक पार्सन्स हा गृहस्थ शिकला अभियांत्रिकी, पुढे त्याने शिक्षकी केली, वकिलीही केली. वाट शोधण्याचा त्रास त्याला अनुभवाने ठाऊक होता. कारखान्यांच्या त्या शहरात खेड्यांतून आणि परदेशांतून आलेली तरुण मुले मिळेल ते काम धरीत आणि थोड्या दिवसांत सोडीत. त्यांच्यासाठी पार्सन्सने १९०८ च्या जानेवारीत एक व्यवसाय-सल्ला केंद्र सुरू केले. त्याच वर्षी तो वारला. त्याचे पुस्तक त्याच्या मागून १९०९ साली निघाले.

त्याने सांगितलेली रीत तीन पायऱ्यांची आहे. पहिली, स्वतःला ओळखणे : आपली कुवत, गोडी, मर्यादा आणि साधने. दुसरी, कामाला ओळखणे : त्या व्यवसायात काय करावे लागते, कोणते शिक्षण लागते, मिळकत किती, अडचणी कोणत्या, पुढे वाव किती. तिसरी, या दोन्हींचा मेळ डोळसपणे घालणे. ऐकायला हे सोपे वाटते. पण आपल्या घरातली चर्चा या कसोटीवर घासून पाहा. पहिली पायरी गुणपत्रिकेवर संपते, दुसरी ऐकीव गोष्टींवर, आणि तिसरी वडीलमंडळींच्या एका वाक्यावर!

पुढे मानसशास्त्रज्ञांनी या रीतीत एक महत्त्वाची भर घातली. डोनाल्ड सुपर या अमेरिकन संशोधकाने १९५० च्या दशकात असे मांडले की, व्यवसायाची निवड ही एका दिवसाची घटना नसते. माणूस वाढतो, त्याची स्वतःबद्दलची समजूत बदलते, कामेही बदलतात. म्हणून निवड आयुष्यभर चालू राहते. छापखान्यातले जुळारी आठवा. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवण्याचे त्यांचे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. १९८० आणि १९९० च्या दशकांत संगणकावर मजकूर जुळवणे सुरू झाले आणि पाहता पाहता तो धंदा बसला. ज्याने वेळीच संगणकाचा कळफलक हाताखाली घातला त्याची शुद्धलेखनाची आणि पानाच्या मांडणीची जाण नव्या कामातही उपयोगी पडली. एकदा शिकलो की जन्माची ददात मिटली, हे दिवस गेले. आपल्या कामाकडे, बाजारातल्या बदलांकडे आणि स्वतःच्या शिकण्याकडे सतत लक्ष ठेवावे लागते. यालाच हल्ली 'करिअर सांभाळणे' म्हणतात.

किहीमची सुगरण

असे लक्ष कसे ठेवावे, याचा नमुना आपल्या जवळचाच आहे. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्म मुंबईत १८९६ साली झाला. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा कोणता पक्षी, हे घरात कोणाला सांगता येईना. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी पक्षी तर ओळखलाच, शिवाय संस्थेतले पेंढा भरलेले पक्षी त्या मुलाला दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. एका मोठ्या माणसाने एका मुलाचा प्रश्न गंभीरपणे घेतला.

पण यानंतरची वाट सरळ नव्हती. घरच्या व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात गेले, परत आले, मुंबईत प्राणिशास्त्र शिकले. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिसर्वेक्षणातली पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्गविभागाची माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी मिळाली. तेथे काम करताना आपले शास्त्रीय शिक्षण अपुरे आहे हे त्यांनी ओळखले, आणि रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन श्ट्रेसेमान या नामांकित पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकायला गेले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो नोकरीची जागाच पैशाअभावी रद्द झालेली!

ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तिचे त्यांनी दिवसेंदिवस निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते पाहते, तिला पसंत पडले तर नर ते पुरे करतो आणि मग दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी बारकाईने नोंदले. या कामाने त्यांचे नाव जाणकारांत झाले. नोकरी गेली होती, पण बर्लिनला मिळवलेली शिस्त गेली नव्हती. स्वतःतली उणीव ओळखून ती भरून काढायला त्यांनी आधीच पाऊल उचलले होते, म्हणून वाईट दिवसांत हाताला काम राहिले.

इथे कोणी असा निष्कर्ष काढील की, आवडीसाठी नोकरीवर पाणी सोडावे. तसे मुळीच नाही. सी. व्ही. रामन १९०७ साली सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी म्हणून कलकत्त्याला रुजू झाले. नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ ते तिथल्या विज्ञानसंस्थेत प्रयोग करीत. असे दहा वर्षे चालले. १९१७ साली विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले तेव्हाच, पगार कमी असूनही, त्यांनी सरकारी नोकरी सोडली. तोवर आपण हे काम करू शकतो याचा पुरावा त्यांच्या हाती होता. नदीत उडी घेण्याआधी पाण्याचा अंदाज घेणे याला भित्रेपणा म्हणत नाहीत.

मार्गदर्शकही चुकतो

मार्गदर्शनाचा एवढा पुरस्कार केल्यावर एक इशाराही दिला पाहिजे. १९३३ साली कमला भागवत ही मुंबई विद्यापीठाची पदवीधर बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनासाठी गेली. लेखिका दुर्गा भागवत यांची ही बहीण. संस्थेचे संचालक होते तेच सी. व्ही. रामन. त्यांनी मुलगी म्हणून तिला प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष काम पाहू, मग ठरवू, या अटीवर त्यांना घेतले गेले. वर्षभराने प्रवेश पक्का झाला आणि त्या संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच. डी. मिळवली. पुढे डॉ. कमला सोहोनी म्हणून त्या जीवरसायनशास्त्रात प्रसिद्ध झाल्या.

नोबेल पारितोषिक मिळवलेल्या माणसाचाही दुसऱ्याच्या कुवतीबद्दलचा अंदाज चुकतो. म्हणून सल्ला ऐकावा, त्याचे कारण विचारावे आणि ते तपासावे. 'मुलींना हे जमत नाही', 'आपल्या गावच्या मुलांचे हे काम नव्हे', असे कारण कोणी देऊ लागले, तर ते शास्त्र नव्हे, तो पूर्वग्रह आहे, हे ओळखा.

चाचण्यांनाही हीच कसोटी लावा. गोडी आणि कुवत मोजण्याच्या चांगल्या चाचण्या आहेत. आपल्या राज्यात २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेण्यात आली, तो चांगला उपक्रम होता. पण ताप किती आहे हे तापमापी सांगते, औषध सांगत नाही. चाचणीचा कागद हाती दिला आणि त्याचा अर्थ समजावणारा माणूस दिला नाही, तर तो कागद कपाटात पडून राहतो. शिवाय गोडी वयाबरोबर बदलते. चौदाव्या वर्षीचा निष्कर्ष जन्मभराचा निकाल मानू नये.

आणि काही चाचण्या तर चाचण्याच नव्हेत. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि व्यवसाय सांगण्याचा धंदा गावोगावी चालतो. यंत्र असते, संगणकाने छापलेला रंगीत अहवाल असतो आणि फीही भरपूर असते. बोटांवरच्या रेषांची नक्षी जन्मापूर्वीच ठरून जाते. त्यानंतर तुम्ही काय वाचले, काय केले, कशात रमलात, याची तिला काहीच खबर नसते. या रेषांवरून व्यवसाय सांगता येतो, याला शास्त्रीय आधार नाही. हातावरच्या रेषा पाहणारा ज्योतिषी आणि हा यंत्रवाला यांत फरक आहे तो फक्त यंत्राचा.

तुम्ही काय करू शकाल

विद्यार्थी मित्रांनो, मार्गदर्शक मिळेपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. प्रयोगवहीसारखी एक वही घाला. कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळले नाही, आणि कोणत्या कामात सारखे घड्याळाकडे लक्ष जात होते, हे आठवड्यातून एकदा लिहा. 'मला जीवशास्त्र आवडते' एवढे लिहून थांबू नका. आकृत्या काढायला आवडते, की झाडे लावायला, की दुसऱ्याला समजावून सांगायला? यांतून निघणाऱ्या वाटा अगदी वेगळ्या आहेत.

दर महिन्याला काम करणाऱ्या एका माणसाला भेटा. वायरमन, परिचारिका, तलाठी, पशुवैद्य, वेल्डर, औषधविक्रेता, बँकेतले अधिकारी, कोणीही चालेल. पगार सर्वांत शेवटी विचारा. आधी विचारा की, तुमचा कालचा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत कसा गेला? या कामातला कंटाळवाणा भाग कोणता? हे काम पाच-दहा वर्षांत कसे बदलले? या एका भेटीत जे कळते ते जाहिरातींच्या दहा पत्रकांत सापडत नाही. सुटीत त्यांच्याबरोबर दोन दिवस घालवता आले तर फारच उत्तम.

मग वहीत आपला सध्याचा अंदाज लिहा, आणि तो सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. एक वाट बंद झाली म्हणजे सर्व संपले, हा समज सोडा. दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका घेतलेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. आयटीआय झालेल्यालाही पदविकेकडे जाण्याची सोय आहे. वाटा एकमेकींना मिळतात, पण त्या कुठे मिळतात हे आधी माहीत असावे लागते.

शाळेची जबाबदारी

आता शिक्षकांशी दोन शब्द. डॉक्टरांच्या मुलाला वैद्यकाची माहिती जेवताना मिळते, वकिलाच्या मुलीला कोर्टाची भाषा घरात ऐकायला मिळते. प्रवेशाची तारीख, शिष्यवृत्तीचा अर्ज, कोणते महाविद्यालय खरे आणि कोणते फक्त पाटीपुरते, हे सारे त्यांना न विचारता कळते. ऊसतोड मजुराच्या मुलीला हे कोण सांगणार? तिच्या घरातली दहावीपर्यंत पोचलेली पहिली व्यक्ती कदाचित तीच असेल. तिच्यासाठी शाळा हेच एकमेव ठिकाण आहे. शाळेने सांगितले नाही, तर तिला कोणीच सांगत नाही.

मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये आणि कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये शाळांत मार्गदर्शनाची सोय हवी असे आग्रहाने सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली, ती मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे जाऊन काम पाहावे म्हणून. शिफारशी झाल्या, उणीव आहे ती अंमलाची. शाळेत या कामाला वेगळा माणूस नाही, वेळ नाही, शिक्षकांना आधीच शाळाबाह्य कामे पुष्कळ, ही तक्रार खरी आहे. तरीही पैशांवाचून होण्यासारखे बरेच आहे. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची व्यवसायवार यादी करावी. त्यांतल्या एकाला दर महिन्याच्या एका शनिवारी बोलवावे, आणि यशस्वी झालेल्यांबरोबर वाट बदललेल्यांनाही बोलवावे. फलकावर प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या तारखा लावाव्यात. आणि 'तुझ्याच्याने होणार नाही' हे वाक्य शिक्षकाने उच्चारण्यापूर्वी, ते आपण कोणत्या पुराव्यावर म्हणतो आहोत, असे स्वतःला विचारावे.

आमच्या मते, प्रत्येक माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात आठवीपासून आठवड्याला एक तास व्यवसाय मार्गदर्शनासाठी असलाच पाहिजे, आणि तो तास गणिताच्या जादा तासाला देता कामा नये. तोवर, विद्यार्थी मित्रांनो, वही तुमच्या हातात आहे. येत्या रविवारी पहिले पान लिहा आणि सोमवारी ते आपल्या एखाद्या शिक्षकांना दाखवा.